हिवाळी पाहुण्यांचा माग काढणारे सालिम अली

नोव्हेंबर लागला की चंद्रपूर-गडचिरोलीतील तलावांवर उत्तरेकडची बदके उतरू लागतात. इरई धरणाच्या काठावर, मामा तलावांच्या पाळीवर जाणकारांसोबत पक्षी पाहायला निघालेले गटही पहाटे दिसू लागतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, तर शेवटचा डॉ. सालिम अली यांच्या जन्माचा.

सालिम अली १८९६ मध्ये मुंबईत जन्मले. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली; तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. सचिव मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले आणि जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तिथून वाट ठरली. पण ती सरळ नव्हती. सततच्या डोकेदुखीमुळे त्यांना हवापालटासाठी सिंधमध्ये पाठवावे लागले आणि १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. ब्रह्मदेशातील घरच्या व्यवसायातही जम बसला नाही.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पुढे बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे ते पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले, तेव्हा पैशांअभावी ती जागाच रद्द झाली होती. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, त्यानंतर नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे घेतो, हे त्यांनी नोंदवले. नंतर खर्चापुरते पैसे घेऊन, मानधनाशिवाय, त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. त्यात हैदराबाद संस्थानही होते. आजचा राजुरा तालुका तेव्हा त्याच संस्थानात होता. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले.

१९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसेही तापाने दगावली. २०१६ पासून सिंधुदुर्गात आढळलेला माकडताप तो हाच. गोचिडींतून पसरणारा हा विषाणू रशियातील एका विषाणूच्या जवळचा निघाला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तो आला का, अशी शंका घेतली गेली. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये सालिम अलींच्या देखरेखीखाली मोठे काम सुरू झाले. पक्षी जाळ्यात धरायचा, गोचिडी तपासायच्या, पायात क्रमांक असलेली हलकी कडी घालायची आणि सोडून द्यायचे. त्यांतील काही कड्या सोव्हिएत रशियात सापडल्या. हिवाळी पाहुणे कुठून येतात, याचा हातात धरता येईल असा पुरावा मिळाला.

२० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, ते गेले. पक्षी मारून ओळखण्यापासून सोडून देऊन ओळखण्यापर्यंतचा प्रवास त्यांच्या एका आयुष्यात झाला. आज तलावाच्या पाळीवरचा गट दुर्बिणीतून पाहतो; पक्ष्याचे नाव, संख्या, जागा आणि तारीख वहीत लिहितो. एखाद्याच्या पायात कडी दिसली, तर तिचा रंग आणि क्रमांकही टिपतो. पक्ष्याला हात न लावता केलेली ही नोंदही त्याच कामात भर घालते.