तरंगत्या बर्फाचा तळ शोधणारा शास्त्रज्ञ

मराठवाड्यात जुन्या विहिरीची खोली अजमावण्याची एक साधी रीत आहे. काठावरून खडा सोडायचा आणि आवाज कानी येईपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजायचे. कळंब परिसरात, मांजरेच्या काठच्या गावांतून ही रीत कोणाला शिकवावी लागत नाही. दृष्टीआडचा तळ परत येणाऱ्या आवाजाच्या वेळेवरून ओळखायचा, एवढेच तिचे मर्म. याच तत्त्वाला रेडिओ लहरींची जोड देऊन अंटार्क्टिकाच्या बर्फाचा तळ जगासमोर आणणाऱ्यांमध्ये डॉ. गॉर्डन रॉबिन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांच्या निधनाला दोन दशके उलटून गेली. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आज किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहराच्या दारात येऊन उभा आहे.

रॉबिन यांचा जन्म १९२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पाणबुडीवर होते. युद्ध संपल्यावर इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांनी संशोधनास आरंभ केला. तथापि प्रयोगशाळेच्या चार भिंतींत ते फार काळ रमले नाहीत. १९४७ मध्ये दक्षिण महासागरातील सिग्नी बेटावर ब्रिटनच्या तळाचे प्रमुख म्हणून ते रवाना झाले आणि बर्फाशी त्यांचे नाते जुळले, ते कायमचेच.

त्यानंतर १९४९ ते १९५२ या काळात नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन या तीन देशांनी मिळून अंटार्क्टिकावर मोहीम काढली. क्वीन मॉड लँड या भागातील मॉडहाइम हा तिचा तळ जमिनीवर नव्हता, तर समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर होता. खंडावरून उतरणारा हिमाचा प्रवाह समुद्रापाशी पोहोचला, की तुटण्यापूर्वी लांबवर पाण्यावर पसरतो. शास्त्रज्ञ त्याला आइस शेल्फ म्हणतात. आपण तरंगता हिमपट म्हणू. त्याचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. वरून भक्कम पठार भासणाऱ्या या हिमपटाच्या खाली काय चालले आहे, याची वर उभ्या असलेल्या माणसाला कल्पना येत नाही.

२४ फेब्रुवारी १९५१ रोजी या अज्ञानाची किंमत मोहिमेला मोजावी लागली. हिमपटाच्या कडेचा तुकडा तुटून गेला होता. दाट धुक्यात हे न समजल्याने साखळीपट्ट्यांवर चालणारी एक गाडी चौघांसह थेट समुद्रात कोसळली. बर्टिल एकस्ट्रॉम, लेस्ली क्वार आणि जॉन जेलबार्ट हे तिघे बुडाले. चौथ्याने पोहत तरंगत्या हिमखंडाचा आश्रय घेतला, म्हणून तो वाचला. अवघ्या काही माणसांच्या त्या वस्तीवर हा मोठाच आघात होता.

तरीही काम थांबले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबिन आपल्या तुकडीसह सुमारे ६०० किलोमीटर आत गेले. बर्फात सुरुंग उडवायचा, त्याचा हादरा तळाच्या खडकावर आदळून परत येण्यास किती वेळ लागतो ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. बर्फाची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरहून अधिक भरली. मोजमाप बिनचूक असले, तरी पद्धत मोठी कष्टाची होती. प्रत्येक ठिकाणी थांबा, खणा, उपकरणे मांडा, सुरुंग लावा. या गतीने एका खंडाचे मोजमाप होणे अशक्यच होते.

१९५८ मध्ये रॉबिन केंब्रिज येथील स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९८२ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. बर्फावरून उडणाऱ्या विमानांची रडारवर चालणारी उंचीमापके चुकीचे आकडे दाखवतात, हे त्या सुमारास ध्यानात आले होते. रेडिओ लहरी पृष्ठभागावरून परतण्याऐवजी बर्फात शिरत होत्या, हे त्याचे कारण. वैमानिकाच्या जिवावर उठणारा हा दोष संशोधकाच्या दृष्टीने वरदान होता. केंब्रिजमधील स्टॅनली इव्हान्स यांनी त्यासाठी खास रडार तयार केले. रॉबिन यांनी या कामामागे संस्थेचे बळ उभे केले. १९६३ मध्ये ग्रीनलंडमध्ये आणि हॅली बे येथील तरंगत्या हिमपटावर त्याच्या चाचण्या यशस्वी झाल्या.

बर्फातून रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे १६८ मीटर अंतर कापते. त्यामुळे परतीच्या वेळेवरून जाडी काढता येते. परतलेली लहर किती प्रबळ आहे, यावरून तळाचा स्वभावही कळतो. बर्फाखाली थेट समुद्राचे पाणी असेल, तर लहर आरशावरून परतावी तशी येते. तळाशी खारे पाणी गोठून चिकटलेले असेल, तर क्षार लहर शोषून घेतात आणि प्रतिध्वनी क्षीण होतो. याच खुणेवरून रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये फिल्श्नर-रॉने या अवाढव्य हिमपटाच्या तळाचे चित्र मांडले. हिमपट खालून कोठे वितळतो आणि कोठे खालून नव्याने गोठतो, याचा तो अंदाज होता. पुढे तेथे घेतलेल्या छिद्रात खाऱ्या बर्फाचा जाड थर सापडला.

दरम्यान, १९६७ पासून अमेरिकी विमानांतून अंटार्क्टिकाची हवाई पाहणी सुरू झाली होती. १९७९ पर्यंत जवळजवळ निम्मा खंड तिच्या कक्षेत आला. बर्फाखाली चक्क सरोवरे असल्याचा सुगावाही या पाहणीतच लागला. त्यांतील सर्वांत मोठ्या व्होस्टोक सरोवरावरचा महत्त्वाचा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या लेखकांत पंच्याहत्तरीतील रॉबिन होते. सप्टेंबर २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. भारताचे पहिले अंटार्क्टिक ठाणे, दक्षिण गंगोत्री, याच क्वीन मॉड लँडमधील तरंगत्या हिमपटावर १९८३-८४ मध्ये उभारले गेले. ते हिमात गाडले जाऊ लागल्याने १९९० मध्ये बंद करावे लागले. त्याची जागा घेणारे मैत्री हे ठाणे खडकावर बांधण्यात आले.

दुसरा संबंध याहून निकटचा आहे. हिमपट आधीच पाण्यावर असल्याने तो वितळला, तरी समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. मात्र मागच्या हिमनद्यांना तो बुचासारखा रोखून धरतो. २००२ मध्ये लार्सन बी हा हिमपट काही आठवड्यांत फुटला आणि मागच्या हिमनद्यांचा वेग वाढला. त्यांचा बर्फ जेव्हा समुद्रात येतो, तेव्हा पातळी वाढते. मुंबईची आणि कोकणचीही.

रॉबिन यांच्या काळातील रडारनोंदी फिल्मवर होत्या आणि केंब्रिजमध्ये जपून ठेवल्या होत्या. संशोधकांनी त्या संगणकावर उतरवल्या आणि नव्या मोजमापांशी ताडून पाहिल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की थ्वेट्स हिमनदीच्या पूर्वेकडील तरंगत्या हिमपटाची जाडी १९७८ ते २००९ या काळात जागोजागी १० ते ३३ टक्क्यांनी घटली आहे. उपग्रहांनी असे मोजमाप सुरू करण्याच्या कितीतरी आधीचा हा पुरावा. तो आज हाती आहे, कारण बर्फाचा तळ पाहण्याची निकड फारशी कोणाला वाटत नव्हती, तेव्हा रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पाहून नोंदवून ठेवला होता.