हौशीपणाचा बळी

९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या मैदानावर जो फुटबॉलचा सामना झाला, त्यास केवळ सामना म्हणणे कठीण आहे. एका बाजूस अमेरिकन सैन्याचे भावी अधिकारी होते. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्या बापआज्यांशी त्याच सैन्याने लढाया केल्या, त्या आदिवासी जमातींची मुले. वूंडेड नी येथील हत्याकांडास तेव्हा पुरती बावीस वर्षेही लोटली नव्हती. कार्लाइलच्या या मुलांनी सामना २७ विरुद्ध ६ गुणांनी जिंकला. लष्कराच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या तरुणाला जो खेळाडू काही केल्या आवरला नाही, तो जिम थॉर्प.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळावयाचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन फुटबॉल निराळा. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावावयाचे आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन पाडावयाचे, असा तो धसमुसळा प्रकार. त्या काळी हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांची त्यावर मक्तेदारी होती, आणि अशा संघांना एका निवासी शाळेची मुले पाणी पाजीत होती.

ही शाळा कसली होती, हेही शिक्षकवर्गाने जाणून घेण्यासारखे आहे. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने ती १८७९ साली पेनसिल्व्हेनियातील जुन्या लष्करी बराकींत काढली. मुलांचे केस कापावयाचे, नावे बदलावयाची, मातृभाषा बोलू द्यावयाची नाही, आणि अशा रीतीने आदिवासीतला आदिवासीपणा नाहीसा करावयाचा, हे तेथील शिक्षणाचे उद्दिष्ट. हेतू सुधारणेचा होता असे कोणी म्हणेल. परंतु शाळेच्या दफनभूमीत दीडशेहून अधिक मुले पुरली गेली, हे त्यावर उत्तर होय.

ओक्लाहोमा प्रदेशातील सॅक आणि फॉक्स जमातीत १८८७ च्या सुमारास जन्मलेला थॉर्प १९०४ साली येथे दाखल झाला. जुळा भाऊ बालपणीच गेला होता. आईवडिलांचे छत्रही लवकरच हरपले. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर यांनी त्याचे गुण हेरले. १९११ साली बलाढ्य हार्वर्डविरुद्ध पाय दुखावला असताही त्याने लाथेने चार वेळा चेंडू गोलखांबांमधून पार केला आणि कार्लाइल १८-१५ असे विजयी झाले. १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके मिळवून तो परतला आणि लगेच फुटबॉलच्या हंगामास उभा राहिला. त्या हंगामात कार्लाइलने बारा सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि पेनसिल्व्हेनियाविरुद्धचा एकच गमावला. सामने बहुतेक परक्या मैदानांवर; तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा शाळेच्या क्रीडानिधीत जाई. खेळणाऱ्यांनी मात्र हौशी राहावयाचे.

जानेवारी १९१३ मध्ये वृत्तपत्रांत बातमी आली की, १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत थॉर्प उत्तर कॅरोलिनात किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. महाविद्यालयीन खेळाडू सुटीत असे सर्रास खेळत. शहाणे लोक खोटे नाव घेत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, हाच त्याचा अपराध! त्याने सरळ कबुली दिली. हरकत घेण्याची ऑलिंपिकच्या नियमांतील तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तरीही पदके काढून घेण्यात आली. आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असे वॉर्नर यांनी सांगितले. त्यावर विश्वास ठेवणे अवघड आहे. १९१४ साली संसदीय समितीने शाळेची चौकशी केली, तेव्हा क्रीडानिधीच्या कारभाराचे वाभाडे निघाले. १९१८ मध्ये शाळा बंद झाली. सर्व आदिवासींना नागरिकत्व देणारा कायदा व्हावयास मात्र १९२४ साल उजाडावे लागले.

थॉर्प पुढे उघडपणे धंदेवाईक खेळाडू झाला. १९२० साली स्थापन झालेल्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा तो पहिला अध्यक्ष. परंतु शरीर थकल्यावर त्याने मंदीच्या काळात कुदळ-फावडे हाती घेतले, चित्रपटांत आदिवासींच्या फुटकळ भूमिका केल्या. १९५० साली वृत्तपत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात तो वारला, तेव्हा त्याच्या गाठीस फारसे काही नव्हते.

१९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला विजेतेपद परत दिले, पण संयुक्त म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद व्हावयास जुलै २०२२ उजाडला. देहाची कथा याहून विचित्र. ओक्लाहोमात जमातीचे अंत्यविधी चालू असता विधवा पत्नीने शव हलविले आणि पेनसिल्व्हेनियातील एका गावाशी करार केला. गावाने आपले नाव बदलून जिम थॉर्प असे ठेवले व तेथे त्याचे स्मारक उभारले. थॉर्प या गावी कधी राहिला नव्हता. वडिलांच्या अस्थी जमातीच्या भूमीत आणाव्यात म्हणून मुलांनी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडा केला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज ऐकण्यास नकार दिला, आणि थॉर्पचा देह त्या गावातच राहिला.