अंगावर काढलेले दुखणे आणि कुर्तुब्याचे हकीम

दहाव्या शतकात आजच्या स्पेनच्या मोठ्या भागावर मुस्लिम खलिफांची राजवट होती. अरबी लोक त्या मुलखाला अंदलुस म्हणत. त्याची राजधानी कुर्तुबा, म्हणजे आजचे कोर्दोबा. मुस्लिम, ख्रिस्ती आणि यहुदी अशा तिन्ही धर्मांची वस्ती असलेले हे शहर ग्रंथालयांसाठी आणि विद्वानांसाठी प्रसिद्ध होते. ९३६ मध्ये खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याने शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर मदीनतुज-जहरा नावाची नवी राजनगरी बांधायला घेतली. त्याच सुमारास अबुल कासिम खलफ बिन अब्बास यांचा जन्म झाला असे मानले जाते. या नगरीवरूनच ते अल-जहरावी म्हणून ओळखले जातात. युरोपात त्यांचे नाव अल्बुकासिस असे रूढ झाले.

शस्त्रक्रियेचे जनक म्हणून अल-जहरावींचा उल्लेख आजही होतो. मात्र स्त्रियांच्या आजारांबाबत त्यांनी जे लिहून ठेवले, त्याची चर्चा फारशी होत नाही. बायकांनी दुखणे अंगावर काढायचे, ही रीत आजही आपल्या घराघरांत आहे. म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमांचे काम समजून घेण्यासारखे आहे.

त्यांच्या खासगी आयुष्याची माहिती अगदी थोडी मिळते. पूर्वज मदिनेच्या अन्सारांपैकी होते, आयुष्य कुर्तुबा परिसरात रुग्णसेवेत गेले, एवढेच ठळकपणे सांगता येते. त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचा ग्रंथ. इसवी सन १००० च्या सुमारास त्यांनी ‘अत-तसरीफ’ हा तीस भागांचा वैद्यकीय ग्रंथ पूर्ण केला. त्यामागे सुमारे पन्नास वर्षांचा अनुभव होता. आजारांची लक्षणे, औषधे, आहार असे कितीतरी विषय त्यात आहेत. तिसावा भाग संपूर्णपणे शस्त्रक्रियेचा आहे. डाग देणे, चिरफाड करणे आणि मोडलेली हाडे बसवणे असे त्याचे तीन विभाग आहेत. सुमारे दोनशे उपकरणांची चित्रे त्यात काढलेली आहेत. कोणते हत्यार कशासाठी आणि ते कसे धरायचे, हे शिकणाऱ्याला नीट कळावे म्हणून ही मेहनत होती.

शिष्यांना ते मुलांप्रमाणे संबोधतात आणि वारंवार सावध करतात. शरीराची रचना माहीत नसताना हातात शस्त्र घेणारा माणूस रुग्णाचा जीव घेतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. एका बाईच्या मानेवर गाठ आली होती. अडाणी वैद्याने ती कापताना रक्तवाहिनीच कापली. रक्त थांबले नाही आणि ती बाई त्याच्या हातातच गेली. ही हकिकत त्यांनी शस्त्रक्रियेच्या भागाच्या सुरुवातीलाच सांगितली आहे. स्वतःला ज्याची खात्री नाही ते काम करू नये, हा त्यांचा पहिला धडा होता.

याच भागात बाळंतपणावर स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि ती सुईणींना शिकवण्यासाठी लिहिलेली आहेत. डोके आधी येणारे मूल, पायाळू मूल, आडवे आलेले मूल, जुळी, यांपैकी प्रत्येक वेळी काय करायचे, हे त्यांनी क्रमाने मांडले आहे. पोटातच दगावलेले मूल कसे काढायचे, वार अडकली तर काय करायचे, हेही त्यात आहे. आतून तपासणीसाठी मळसूत्राच्या, म्हणजे स्क्रूच्या साहाय्याने उघडणाऱ्या उपकरणाचे चित्र त्यांनी दिले आहे. आज स्त्रीरोगतज्ज्ञांच्या टेबलावर जे तपासणीचे साधन असते, त्याचाच हा पूर्वज. प्रसूती हे बायकांचे काम म्हणून पुरुष वैद्य त्याकडे लक्ष देत नसत, अशा काळात त्यांनी सुईणीचे काम वैद्यकशास्त्राचा भाग मानले.

त्यांची खरी कसोटी वेगळ्याच ठिकाणी लागली. लघवीच्या पिशवीतला खडा काढण्याची शस्त्रक्रिया पुरुषांवर होत असे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र ती का अडते, याची कारणे त्यांनी स्पष्ट लिहिली. शरीराची रचना वेगळी असल्याने काम अवघड आहे, हे एक कारण. दुसरे कारण असे, की लाजेपायी बाई परपुरुष वैद्यासमोर अंग उघडे करत नाही. आणि तिसरे, हे काम जाणणारी बाई शोधून सापडत नाही. म्हणजे आजार होता, इलाजही होता, पण दोघांची भेट होत नव्हती.

यावर दोन सोपी उत्तरे होती. बाईचा हट्ट म्हणून तिला नशिबावर सोडून देणे, किंवा तिच्या लाजेची पर्वा न करणे. अल-जहरावींनी दोन्ही टाळली. शस्त्रक्रिया गरजेचीच असेल तर आधी जाणकार स्त्री वैद्य शोधावी. ती मिळाली नाही तर सचोटीचा, कुशल वैद्य पाहावा आणि बायकांचे आजार जाणणारी अनुभवी सुईण सोबत घ्यावी. वैद्याने सांगत जावे आणि तपासणी व काम तिच्या हातून करून घ्यावे. लाज हा त्या बाईच्या परिस्थितीचा भाग आहे हे त्यांनी मान्य केले आणि इलाज तिच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी वैद्यावर टाकली.

उशीर झाला की काय होते, याचे एक उदाहरण त्यांच्याच ग्रंथात आहे. एका बाईचे मूल पोटात दगावले. नंतर तिला पुन्हा दिवस गेले आणि तेही मूल दगावले. बऱ्याच काळाने तिच्या बेंबीजवळ सूज आली, ती फुटली आणि पू वाहू लागला. तेव्हा हकिमांना बोलावण्यात आले. बरेच दिवस उपचार करूनही जखम भरेना. मग एके दिवशी त्यातून एक हाड बाहेर आले, काही दिवसांनी दुसरे. पोटात तर हाड नसते, म्हणून ते चकित झाले. ही दगावलेल्या मुलाची हाडे आहेत, हे त्यांनी ओळखले आणि आणखी बरीच हाडे काळजीपूर्वक काढली. बाई वाचली, पण जखमेतून थोडा पू येतच राहिला. गर्भपिशवीबाहेरच्या गर्भधारणेची ही अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक मानली जाते. आज अशी गर्भधारणा पहिल्या दोन महिन्यांतच सोनोग्राफीत दिसू शकते, अट एवढीच की बाई वेळेवर दवाखान्यात गेली पाहिजे.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत अंदलुसमध्ये यादवी माजली. ज्या नगरीचे नाव त्यांनी लावले, ती मदीनतुज-जहरा लुटली गेली आणि उजाड झाली. १०१३ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. ग्रंथ मात्र टिकला. बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला आणि पुढे कित्येक शतके युरोपातील शल्यवैद्य त्यावर शिकले.

जाणकार स्त्री वैद्य सापडत नाही, ही त्यांची अडचणही हळूहळू दूर होत गेली. बाराव्या शतकात अंदलुसमधील प्रसिद्ध वैद्य इब्न जुहर यांच्या घराण्यातील एक बहीण आणि तिची मुलगी स्त्रियांच्या आजारांत निष्णात होत्या. राजघराण्यातील स्त्रियांवर त्याच उपचार करत. १४६५ मध्ये तुर्कस्तानातील शल्यवैद्य शरफुद्दीन साबुनजुओग्लू यांनी अल-जहरावींच्या ग्रंथाच्या आधारे तुर्की भाषेत सचित्र ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथात फक्त उपकरणांची चित्रे होती. या ग्रंथात रुग्ण आणि वैद्यही दिसतात, आणि काही चित्रांत स्त्रियांवर उपचार करणारे हात स्त्री वैद्याचे आहेत. एकोणिसाव्या शतकात हीच अडचण आपल्याकडे होती. पुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या बायकांसाठी मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले, ते स्त्री डॉक्टरांच्या हाती सोपवून. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या.

आज तालुक्याच्या गावीही स्त्री डॉक्टर भेटू शकते. तरीही कधी जायचे, हे अनेकींना कोणी सांगितलेले नसते. पाळीत सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव होत असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागत असेल, दोन पाळ्यांच्या मधे किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी कायमची बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थोडेसे जरी रक्त दिसले, तरी थांबू नये. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ओटीपोटात सतत दुखणे, स्तनात गाठ लागणे, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही मुलीला पाळी न येणे, वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहणे, हीदेखील डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत.

दिवस गेल्याचे कळताच पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. गर्भ नलिकेत वाढत असेल तर ती फुटून जीव जाऊ शकतो. गरोदरपणात रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, नजर अंधूक होणे, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल कमी होणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. आणि काहीच तक्रार नसली, तरी तिशीनंतर दर पाच वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. तिथला कर्करोग सुरुवातीला दुखत नाही.

लाजेचीही सोय आहे. स्त्री डॉक्टर मागता येते. पुरुष डॉक्टर असतील तर तपासणीच्या वेळी नर्स किंवा घरची बाई जवळ असावी, असे सांगता येते. अविवाहित मुलीची आतून तपासणी प्रत्येक वेळी करावी लागत नाही. बऱ्याचदा पोटावरून सोनोग्राफी पुरते.

रमजानचा महिना यासाठी उपयोगी पडू शकतो. पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू असेपर्यंत स्त्रिया रोजे ठेवत नाहीत. ते नंतर भरून काढायचे असल्याने दिवसांचा हिशेब ठेवला जातो. शरियतमध्ये नेहमीच्या पाळीचे रक्त, म्हणजे हैज, आणि दुखण्यामुळे जाणारे रक्त, म्हणजे इस्तिहाजा, हे वेगळे मानले आहे. पाळी ठरलेल्या दिवसांपुढे लांबत आहे, हे त्या हिशेबात सर्वांत आधी दिसते. ती वही डॉक्टरांनाही दाखवावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला, स्वतःला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल तर, रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहे. त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अल-जहरावींनी आपले काम चोख केले. सुईणींना शिकवले, उपकरणे घडवली, लाजेतूनही वाट काढली. बेंबीजवळची जखम घेऊन राहिलेल्या त्या बाईसाठी मात्र ही वाट उशिरा उघडली. आज घरातली आई, बहीण, सून, मुलगी दुखण्याचा उल्लेख करते तेव्हा होईल बरे म्हणून विषय संपवण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत जाणे, एवढे घरच्यांच्या हाती नक्कीच आहे.