वसईचे दुभाषी संत



दिवाळी सरली की आपल्या शिरूर कासार परिसरातील कितीतरी घरांना कुलुपे लागतात. कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन माणसे ऊसतोडीला जातात; कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. परक्या मुलखात तिथली भाषा जाणणारा एखादा आपला माणूस भेटला, तर केवढा आधार वाटतो, हे आपल्याला सांगायला नको. आज आम्ही अशाच एका माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत. ते आपल्या महाराष्ट्रातले आणि भारतात जन्मलेले पहिले संत, संत गोन्सालो गार्सिया.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत येशूसंघीय धर्मगुरूंजवळ ते शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्यांची फार इच्छा होती; पण तो मिळाला नाही. तेव्हा ते व्यापारात शिरले. व्यापारात जम बसला, पैसाही मिळाला. मन मात्र रमले नाही. अखेर फिलिपिन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे धर्मबंधू झाले. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत.

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचे सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यांच्याकडे आपले दूत पाठवले. फादर पेद्रो बाप्तिस्ता त्यांचे प्रमुख होते. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच काढला होता, म्हणजे काम जोखमीचे होते. जपानी बोलणारा माणूस हवा होता, म्हणून ब्रदर गोन्सालो दुभाषी म्हणून गेले. निरोप पोहोचवणे आणि तहाची बोलणी करणे, एवढेच खरे तर काम. पण हिदेयोशी यांनी त्यांना राहण्याची परवानगी आणि क्योटो शहरात जागा दिली, आणि थोड्या दिवसांची ही फेरी जन्माची झाली.

तिथे या फ्रान्सिस्कनांनी चर्च आणि मठ उभारला. शेजारीच कुष्ठरोग्यांसाठी आणि गोरगरिबांसाठी रुग्णालये काढली. त्यांचा रोजचा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहावा. पहाटेची प्रार्थना, पवित्र मिस्सा आणि मग ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांच्या जखमा धुणे. बरोबरच्या फादरांना भाषा नवी. त्यामुळे रुग्णाचे दुखणे त्यांना समजावून सांगायचे आणि त्यांचा धीराचा शब्द रुग्णापर्यंत पोहोचवायचा, हे ब्रदर गोन्सालोंचे काम.

दुभाष्याला स्वतःचे असे काही बोलायचे नसते. लोक बोलणाऱ्याला लक्षात ठेवतात, दुभाष्याला विसरतात. पण तो नसेल तर बोलणारा मुका आणि ऐकणारा बहिरा होतो. आम्हा धर्मगुरूंना पुष्कळदा वाटते की वेदीवरून बोलणे म्हणजेच शुभवर्तमान सांगणे. या ब्रदरांचे जीवन पाहिले की आमचा हा समज गळून पडतो.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरील मालावरून तंटा झाला, संशय वाढला आणि हिदेयोशी यांचा राग मिशनऱ्यांवर आला. डिसेंबरात ब्रदर गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांना पकडण्यात आले. क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली. मग ऐन थंडीत, जवळजवळ महिनाभर प्रवास करवून त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

बंधूभगिनींनो, हे चरित्र वाचून फार लांब पाहू नये. आपल्यातला एखादा शेजाऱ्याच्या आजारी आईला घेऊन बीडच्या दवाखान्यात जातो. ती म्हातारी डॉक्टरांपुढे बावरते. तेव्हा तिचे दुखणे तो नीट सांगतो आणि डॉक्टरांचे म्हणणे तिला तिच्या बोलीत समजावतो. त्यासाठी त्याची दिवसाची मजुरी बुडते. त्याचे नाव कोणी घेत नाही. आम्हाला मात्र त्याच्यात वसईचे हे ब्रदर दिसतात. या आठवड्यात असा आधार कोणाला हवा आहे, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत, आपल्या वस्तीवर एकदा पाहावे.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हासाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू