डिकीतल्या बासमागचा डॉक्टर: कोण होते हेल्महोल्ट्झ?

कारच्या डिकीत बसेल असा फायबरग्लासचा सबवूफर बॉक्स बनवताना दोन मापं चुकवून चालत नाहीत: आत किती हवा मावते आणि पोर्टची नळी किती लांब, किती रुंद आहे. हे गणित हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या कामावर उभं आहे.

त्यांचा जन्म १८२१ मध्ये प्रशियातल्या पॉट्सडॅमचा. वडील शिक्षक. हर्मनना भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण घरी तेवढे पैसे नव्हते. मेडिकलचं शिक्षण सरकारी खर्चाने मिळत होतं. अट एकच, नंतर लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी. त्यांनी ती स्वीकारली.

भौतिकशास्त्र मात्र सुटलं नाही. १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा त्यांचा निबंध एका नामांकित जर्नलने नाकारला, तेव्हा तो त्यांनी स्वतंत्रपणे छापला. १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण जगासमोर आणलं. मग ते कानाकडे वळले. छोट्या तोंडाचे पोकळ गोळे कानाला लावून त्यांनी आवाजातले सूर वेगळे केले. तोंडाजवळची हवा वजनासारखी हलते, आतली स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि ठरावीक सूर घुमतो. पोर्ट असलेला बॉक्स हेच करतो.

१८९४ मध्ये त्यांचं निधन झालं. नाइलाजाने घेतलेल्या डॉक्टरकीनेच त्यांना आवाजाच्या भौतिकशास्त्रापर्यंत पोहोचवलं.