बंदिवानांची आठवण ठेवणारे सम्राट अशोक

अशोक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सारनाथचे सिंह येतात, धम्मचक्र येते, चौऱ्याऐंशी हजार स्तूप येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्यामुळे आपल्या घरातल्या लहान पोरालाही हे नाव ठाऊक आहे. कलिंगची लढाई, रक्ताचे पाट, पश्चात्ताप आणि मग धम्म, ही कथा प्रवचनात दरवर्षी होते. ती ऐकावी तेवढी थोडीच. पण यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आम्हाला त्यांच्या चरित्राची दुसरी एक बाजू मांडायची आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. तुरुंगात पडलेल्या माणसांची त्यांनी केलेली काळजी, ही ती बाजू.

हा विषय का सुचला तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतली तीन पोरं एका रात्री चौकशीला म्हणून उचलून नेली. कशासाठी, ते घरच्यांना कोणी सांगितले नाही. आया जेवणाचे डबे घेऊन रात्रभर फाटकाबाहेर बसल्या होत्या, आम्हीही त्यांच्यासोबत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं सुटली. कागदावर काहीच नव्हते. पण एकाची नोकरी गेली ती गेलीच. पुढे विहाराच्या कपाटातले शिलालेखांचे पुस्तक चाळताना धौलीचा लेख वाचनात आला आणि अंगावर काटा उभा राहिला. पावणेतेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका राजाने नेमकी हीच गोष्ट दगडावर कोरून ठेवली आहे!

अशोक हे मौर्य घराण्यातले. चंद्रगुप्तांचे नातू, बिंदुसारांचे पुत्र. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. तरुणपणी ते उज्जैनीला राज्यपाल होते. वाटेत विदिशेला एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, देवीशी, त्यांचा विवाह झाला, आणि पुढे श्रीलंकेत धम्म घेऊन गेलेले महेंद्र व संघमित्रा ही त्यांचीच मुले, असे सिंहली ग्रंथ सांगतात. राज्याभिषेक सुमारे इ.स.पू. २६८ मध्ये झाला. गादीसाठी त्यांनी नव्व्याण्णव भाऊ मारले असेही त्याच ग्रंथांत लिहिले आहे. आम्हाला ते पटत नाही. कारण स्वतः अशोकांच्या पाचव्या शिलालेखात भावा-बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे, तिथे अधिकारी नेमल्याचे लिहिले आहे. मेलेल्या भावांच्या घरी अधिकारी कशाला लागतात?

तरुण अशोक कडक होते, याबद्दल मात्र परंपरेत एकमत दिसते. अशोकावदान या संस्कृत ग्रंथात एक भयंकर गोष्ट आहे. राजाने पाटलिपुत्रात एक बंदीशाळा बांधली. बाहेरून देखणी, आत सगळे नरकाचे हाल. तिच्यावर गिरिक नावाचा क्रूर माणूस नेमला, आणि त्याने राजाकडून वचन घेतले की आत आलेला कोणीही जिवंत बाहेर जाणार नाही. समुद्र नावाचे एक भिक्खू भिक्षेसाठी चुकून आत शिरले. त्यांना उकळत्या कढईत टाकले, तर ते कमळावर बसल्यासारखे शांत! ते बघायला राजा स्वतः आत गेला, तेव्हा गिरिकाने वचनाची आठवण करून दिली, की महाराज, आता तुम्हीही बाहेर जाऊ शकत नाही. शेवटी राजाने त्यालाच संपवले आणि ती बंदीशाळा पाडून टाकली.

ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण लोकांनी ती शेकडो वर्षे सांभाळली. पाचव्या शतकातले फाहियान आणि सातव्या शतकातले ह्युएनत्संग या दोघाही चिनी भिक्खूंना पाटलिपुत्रात त्या बंदीशाळेची जागा दाखवण्यात आली होती. त्यातला मुद्दा आम्हाला फार खोल वाटतो. ज्या दाराआड बाकीच्यांना कोंडायचे, त्याच दाराआड एके दिवशी राजा उभा राहिला, तेव्हा कुठे त्याला ते दार दिसले.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा, सुमारे इ.स.पू. २६१ मध्ये, कलिंगचे युद्ध झाले. तेराव्या शिलालेखात त्यांनी स्वतःच आकडे दिले आहेत. एक लाख माणसे मारली गेली, त्याच्या कितीतरी पट नंतर मेली. हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच ओळीत आणखी एक आकडा आहे, तो आपण घाईने ओलांडून जातो. दीड लाख माणसे पकडून दूर नेण्यात आली. दीड लाख बंदिवान! घरदार, शेत, गुरंढोरं सोडून ती माणसे कुठे तरी हाकलत नेली गेली. राजाने त्या दुःखाबद्दल खेद नोंदवला आहे, ज्यांना काही झाले नाही त्यांनाही आप्तांच्या हालांचे दुःख होते असेही लिहिले आहे. परंतु त्या दीड लाखांना परत पाठवले, असे एक अक्षरही त्या लेखात नाही. सम्राटांबद्दल आदर ठेवूनही हे सांगितले पाहिजे.

आता धौलीकडे येऊ. ओडिशात भुवनेश्वरपासून जवळ, दया नदीच्या काठी धौलीची टेकडी आहे. वर हत्तीचे शिल्प, खाली लेख. गंजाम जिल्ह्यात जौगड येथेही तसाच लेख आहे. हा सगळा जिंकलेल्या कलिंगचा मुलूख. गंमत अशी की युद्धाच्या पश्चात्तापाचा तेरावा लेख या दोन्ही ठिकाणी मुद्दाम गाळला आहे. त्याऐवजी तिथल्या अधिकाऱ्यांसाठी दोन वेगळे लेख कोरले. जखमेवर पुन्हा बोट ठेवू नये म्हणून असेल, किंवा कलिंगच्या माणसाला पश्चात्तापापेक्षा न्यायाची गरज जास्त, हे राजाने ओळखले असेल. आमचा कौल दुसऱ्या कारणाकडे आहे.

त्यातला पहिला लेख तोसलीच्या नगर-न्यायाधीशांना उद्देशून आहे. हजारो जिवांवर तुम्हाला नेमले आहे, सगळी माणसे मला पोटच्या मुलांसारखी आहेत, आणि हे माझे म्हणणे किती दूरवर पोचते ते तुम्हाला पुरते कळलेले नाही, असे राजा त्यांना सुनावतो. आणि मग मुद्द्यावर येतो. एखादा माणूस कारण नसताना कैदेत पडतो किंवा त्याचा छळ होतो. पुढच्या एका शब्दाचा अर्थ पंडित दोन तऱ्हांनी लावतात. कोणी म्हणतात की तो माणूस तसाच अकस्मात सुटतो, कोणी म्हणतात की तो कैदेतच मरतो. दोन्ही अर्थ आपल्या ओळखीचे आहेत! कसेही घ्या, त्यापायी दुसरी पुष्कळ माणसे दुःख भोगतात, असे पुढे लिहिले आहे. ही दुसरी माणसे कोण? डबा घेऊन फाटकाबाहेर बसलेल्या त्या आया.

असे का घडते, याची कारणेही राजाने एकेक करून दिली आहेत. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, कामाची सवय नसणे, आळस आणि थकवा. आम्हाला यातला शेवटचा शब्द फार आवडला. थकलेला अधिकारीसुद्धा अन्याय करतो, हे ज्याने लिहिले त्याने कचेऱ्या आतून पाहिल्या असल्या पाहिजेत. लाच किंवा दुष्टपणा एवढेच कारण त्याने दिले नाही. या सगळ्याच्या मुळाशी राग नको आणि घाई नको, असा त्याचा निवाडा आहे.

बरे, नुसता उपदेश करून राजा थांबला नाही. हा लेख तिष्य म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवायचा, अधूनमधूनही वाचायचा, ऐकायला एकच माणूस असला तरी वाचायचा. शिवाय दर पाच वर्षांनी स्वभावाने सौम्य असा एक मोठा अधिकारी तपासणीला पाठवायचा. उज्जैनी आणि तक्षशिलेच्या राजपुत्रांनी तीन वर्षांच्या आत असे अधिकारी धाडायचे. म्हणजे कायदा काय आहे ते लोकांच्या कानावर गेले पाहिजे आणि वरून कोणीतरी बघायला आले पाहिजे.

हे लेख फक्त कलिंगसाठी होते असे बरीच वर्षे मानले जात होते. पण पुढे कर्नाटकात सन्नती गावी एका देवीच्या मंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालच्या शिळेवर अशोकांचे लेख सापडले. त्यात हे दोन्ही खास लेख आहेत. सन्नती कुठे? भीमेच्या काठावर! आपल्या भीमाशंकरला उगम पावून पंढरपूरवरून खाली जाणारी तीच भीमा. आपल्याकडे नालासोपाऱ्यालाही अशोकांच्या लेखांचे तुकडे मिळाले, पहिला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना. तो आठव्या लेखाचा आहे, बोधगयेच्या यात्रेचा. शक्य झाल्यास मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मुलांना नेऊन दाखवावा.

राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी त्यांनी धम्ममहामात्र हे नवे अधिकारी नेमले. त्यांच्या कामांत बंदिवानांचे काम स्पष्ट घातले आहे. कैद्याला आधार द्यावा, बेड्या सैल कराव्यात, सोडवणूक करावी. कोणाची? ज्याच्या मागे लेकरेबाळे आहेत, जो कोणाच्या नादाने किंवा भरीस पडून चुकला, जो म्हातारा आहे. गुन्हा कोणता एवढेच न विचारता माणूस कोण आहे, त्याच्या मागे कोण आहे, हे विचारायला त्यांनी सरकारी माणूस नेमला.

सव्विसाव्या वर्षीचे लेख स्तंभांवर आहेत, दिल्लीत आणलेले दोन स्तंभ त्यांतलेच. लाखो लोकांवर नेमलेल्या रज्जुक अधिकाऱ्यांना राजा सांगतो की हुशार दाईच्या हाती मूल सोपवून आईबाप निश्चिंत होतात, तशी ही प्रजा मी तुमच्या हाती दिली आहे. न्यायाच्या कामात समानता हवी आणि शिक्षेतही समानता हवी, हे शब्द तिथे आहेत. ज्या समाजात शिक्षा जात बघून ठरे, तिथे दंडसमता हा शब्द केवढा मोठा! आणि देहदंड झालेल्या कैद्याला तीन दिवसांची मुदत. त्या तीन दिवसांत नातेवाइकांनी जीव वाचवण्यासाठी विनवणी करावी, नाहीतर त्याने दान-उपवास करून परलोकाची तयारी करावी. याच सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा कैदी सोडल्याची नोंदही शेजारच्या लेखात आहे.

शुभदिनी कैदी सोडण्याची चाल काही त्यांनीच सुरू केली असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही राजाच्या जन्मनक्षत्राला आणि पौर्णिमेला मुले, म्हातारे, आजारी, अनाथ यांना सोडावे असे आहे. आणि देहदंड त्यांनी बंद केला नाही, हेही खरे. कोंबडी-बोकडांचा जीव वाचवणाऱ्या राजाने फाशी मात्र ठेवली, असा प्रश्न विहारात तरुण मुले विचारतात, आणि त्यांचे चुकत नाही. तीन दिवस म्हणजे काय मोठे, असेही कोणी म्हणेल. ज्याच्या घरचा माणूस आत आहे, त्याला विचारून पाहावे.

सारनाथचे तेच सिंह आज सरकारी कागदाच्या माथ्यावर आणि मोठ्या पोलीस अधिकाऱ्यांच्या खांद्यावर आहेत. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, हे घटनेच्या कलम २२ मध्ये आहे, आणि ती तरतूद बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीपुढे मांडली होती. त्याच कलमात बिनचौकशी स्थानबद्धतेलाही वाट ठेवलेली आहे, त्यावरचा वाद संपलेला नाही. त्या रात्री फाटकावर आमच्यापैकी एकालाही कलम २२ माहीत नव्हते. आता विहारात ते मोठ्या अक्षरात लावले आहे.

सम्राट अशोक सुमारे इ.स.पू. २३२ मध्ये वारले. त्यांच्या शेवटच्या दिवसांची हकिगत अशोकावदानातच आहे. राजा आजारी पडला आणि सगळा खजिना संघाला देऊ लागला, तेव्हा अमात्यांनी त्याच्यावरच बंदी घातली. खजिनदाराला हुकूम गेला की राजाला काही द्यायचे नाही. सोन्याच्या ताटात जेवण आले, ते त्याने दान केले. मग चांदीचे आले, तेही दिले. शेवटी मातीची भांडी येऊ लागली. साऱ्या जंबुद्वीपाचा धनी, पण हातात उरला फक्त अर्धा आवळा. तो त्याने कुक्कुटारामातल्या संघाकडे पाठवून दिला. भिक्खूंनी तो वाटून कढणात घातला आणि सगळ्यांना थोडा थोडा वाढला.