आलॉइस अल्झायमर : हरवलेली स्मृती आणि हरवलेली झोप

उतारवयात माणूस विसराळू होणारच, ही समजूत जगभर पूर्वापार चालत आली आहे. साठी बुद्धी नाठी ही आपल्याकडची म्हण आणि म्हातारचळ हा शब्दही त्याच समजुतीतून आला. विस्मृती हा वयाचा दोष नसून मेंदूचा आजार असू शकतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून देणाऱ्यांमध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलॉइस अल्झायमर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे आडनाव आज घरोघरी ठाऊक आहे. त्यांचे जीवन मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या बाईंची नोंद ठेवली, त्यांच्या आजारात विस्मृतीइतकाच निद्रानाशही ठळक होता, ही गोष्ट तर बराच काळ दुर्लक्षितच राहिली.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आशाफेनबुर्ग येथे गेले. पुढे बर्लिन, ट्युबिंगेन आणि व्युर्झबुर्ग येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८८७ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, तो कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर होता. मेंदूशी त्याचा संबंध नव्हता; परंतु सूक्ष्मदर्शकाची जी ओढ तेव्हा लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही.

१८८८ च्या अखेरीस ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णालयाचे प्रमुख एमिल सिओली हे सुधारक वृत्तीचे होते. रुग्णांना बांधून ठेवण्याऐवजी कोमट पाण्याचे दीर्घ स्नान, मोकळी हवा आणि सतत देखरेख यांवर तेथे भर होता. पुढच्याच वर्षी फ्रान्झ निस्सल तेथे आले. मज्जापेशी रंगवून त्यांची अंतर्रचना स्पष्ट करण्याची पद्धत निस्सल यांनी विकसित केली होती. दिवसा रुग्ण तपासायचे आणि सायंकाळी मेंदूचे पातळ छेद न्याहाळायचे, असा या दोघा मित्रांचा क्रम ठरून गेला. मनाच्या व्याधीचे मूळ मेंदूत शोधले पाहिजे, ही अल्झायमर यांची धारणा येथेच पक्की झाली.

फ्रँकफर्टमध्ये असतानाच त्यांचा विवाह सेसिली गाइझनहाइमर या सधन विधवेशी झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिली निवर्तल्या. धाकटी मुलगी तेव्हा तान्ही होती. मुलांचा सांभाळ अल्झायमर यांच्या बहिणीने केला आणि त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली.

ऑगस्टे यांचे पती कार्ल रेल्वेत कारकून होते. कित्येक वर्षांचा संसार सुरळीत चालला असताना पत्नी अकारण संशय घेऊ लागली, स्वयंपाकात चुका करू लागली, वस्तू लपवून ठेवू लागली. भरतीच्या वेळी आणलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्मृतिदौर्बल्य, छळ होत असल्याचा भ्रम, निद्रानाश आणि अस्वस्थता अशी लक्षणे नमूद होती. दुसऱ्या दिवशी अल्झायमर त्यांच्यापाशी बसले. नाव विचारले, तेव्हा ऑगस्टे यांनी ते बरोबर सांगितले. पतीचे नाव विचारले, तेव्हाही स्वतःचेच सांगितले. ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस असताना आपण पालक खात आहोत, असे त्या म्हणाल्या. नाव लिहायला सांगितले, तर अर्ध्यावरच पुढे काय लिहायचे ते त्या विसरल्या. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली. प्रश्न आणि उत्तर, जसेच्या तसे, अल्झायमर यांनी टिपून ठेवले.

रात्री हा त्रास अधिक वाढे. ऑगस्टे अंथरूण ओढत इकडेतिकडे फिरत, पतीला आणि मुलीला हाका मारीत, कधी तासन् तास ओरडत. इतर रुग्णांच्या खाटांपाशी जाऊन त्यांना उठवीत. त्यामुळे रात्री त्यांना वेगळ्या खोलीत ठेवावे लागे. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला हे वर्णन आपल्याच घरचे वाटेल.

१९०३ मध्ये अल्झायमर हायडेलबर्गला आणि तेथून म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. सुरुवातीस त्यांना वेतनाचे पद नव्हते. पत्नीच्या संपत्तीमुळे त्यांना ते परवडले. त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशींचे तरुण संशोधक येत. पुढे ज्यांची नावे मेंदूच्या विकारांशी जोडली गेली, ते क्रॉइट्झफेल्ट, याकोब आणि लेवी त्यांतलेच. परंतु फ्रँकफर्टच्या त्या रुग्णाची चौकशी अल्झायमर यांनी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांची कागदपत्रे आणि मेंदू म्युनिकला मागविण्यात आला.

मेंदूचे बाह्यक आकसले होते. रूप्याच्या क्षाराने रंगविलेल्या छेदांत मज्जापेशींच्या आत तंतूंचे विचित्र गुंते दिसले, तर पेशींच्या बाहेर एका अनोळखी द्रव्याचे साठे जागोजागी विखुरलेले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी हे निष्कर्ष मांडले. सभेतून एकही प्रश्न आला नाही. पुढच्या वर्षी या व्याख्यानाचा छोटासा वृत्तांत प्रसिद्ध झाला. प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनीही १९०७ मध्ये वृद्धांच्या मेंदूतील अशाच साठ्यांचे वर्णन केले.

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. हा खरोखर स्वतंत्र आजार आहे का, याविषयी खुद्द अल्झायमर साशंक होते. त्यानंतर कित्येक दशके ही तुलनेने तरुण वयातील दुर्मीळ व्याधी समजली गेली आणि वृद्धांची विस्मृती वयाच्या खात्यावरच राहिली. दोन्हींत मेंदूतील बिघाड एकच आहे, हे मान्य व्हायला १९६० आणि १९७० ची दशके उजाडावी लागली.

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ, येथील विद्यापीठात प्राध्यापक म्हणून अल्झायमर यांची नेमणूक झाली. तेथे जाताना प्रवासातच ते आजारी पडले आणि पुरते सावरलेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रँकफर्टच्या दफनभूमीत पत्नीशेजारी ते विसावले.

ऑगस्टे डेटर यांची फाइल मात्र गहाळ झाली होती. १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या विद्यापीठ रुग्णालयातील जुन्या दप्तरात ती कोनराड मौरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली. याच सुमारास झोपेकडे पाहण्याची विज्ञानाची दृष्टीही बदलत होती. पेशींबाहेरील त्या साठ्यांतील प्रथिन, म्हणजे बीटा-अमायलॉइड, १९८४ मध्ये ओळखले गेले होते. २००९ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील डेव्हिड होल्ट्झमन यांच्या चमूने उंदरांमध्ये असे दाखविले की, जागेपणी मेंदूतील या प्रथिनाची पातळी वाढते आणि झोपेत उतरते. झोप सतत मोडली तर साठे अधिक होतात. २०१३ मध्ये रोचेस्टर येथील मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने झोपेत मेंदूतील टाकाऊ द्रव्ये वेगाने वाहून जातात, असे उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. २०२४ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना याच्या उलट निष्कर्ष मिळाले. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

शरीराच्या घड्याळाचीही कथा अशीच आहे. दिवस-रात्रीचे चक्र सांभाळणारा हजारो पेशींचा पुंजका मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदाच्या वर असतो. नेदरलँड्समधील डिक स्वाब आणि सहकाऱ्यांना १९८५ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांत या पेशींची संख्या घटलेली आढळली. दिवस कलला की रुग्णांची घालमेल का वाढते, याचे निदान एक अंग त्यातून उलगडते. २०२१ मध्ये सुमारे ८ हजार ब्रिटिश नागरिकांच्या दीर्घ पाहणीत, पन्नाशी-साठीत रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी अधिक दिसले. अर्थात अपुऱ्या झोपेमुळे आजार होतो, की आजाराची चाहूल म्हणून झोप आधी बिघडते, हा प्रश्न खुलाच आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देत असाव्यात, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

अल्झायमर यांच्या हाती ना या प्रथिनाचे ज्ञान होते, ना मेंदूतील घड्याळाचे. त्यांना आपला रुग्ण बरा करता आला नाही. आजही या आजारावर संपूर्ण उतारा नाही. तरीही ऑगस्टे यांच्या रात्री त्यांनी निरर्थक मानून वगळल्या नाहीत. आज घरातील एखादे वडीलधारे माणूस रात्री-अपरात्री उठून दार उघडू लागते, तेव्हा त्याला हट्टी किंवा चळलेले ठरविण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी घालावी, असे त्या जुन्या फाइलचे सांगणे आहे. त्या नोंदीचा अर्थ लावण्याचे काम अजून चालू आहे.